नकाशात होतं तेवढंच अंतर

रस्ता मोजायचं चाक ढकलत तो आला आणि थेट तिच्या चपलेवर धडकला. “माफ करा... पण अंतर नेमकं तुमच्यापाशीच संपलं,” म्हणाला. तिला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं.

जमिनीखालची जुनी पाइपलाइन न खणता, न फोडता तपासायचं काम होतं. रस्त्यातल्या दोन झाकणांखाली पाइपाला एकेक यंत्र लावायचं आणि गळतीचा आवाज कुठे आधी पोचतो त्यावरून जागा काढायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. मधलं अंतर मात्र चोख हवं. ते नकाशात होतं, आणि नकाशा तिने स्वतः काढलेला! तरी हा पठ्ठ्या दर वेळी चाक घेऊन चालत यायचा. रहदारीचा आवाज ओसरेपर्यंत तिच्याशी गप्पा मारायचा, तिच्या बाटलीतलं पाणी प्यायचा, आणि परत जायचा.

“माझ्या नकाशावर भरवसा नाही?” तिने एकदा विचारलंच.

“आहे ना. पण... खात्री केलेली बरी.”

झालं, तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मोजणी बंद केली, आणि तो फोनवर फक्त “तयार?” एवढंच विचारू लागला. तिला करमेनासं झालं.

काम संपायच्या आदल्या संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं, तेव्हा धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. “अगं ताई, आकडा हातात असताना माणूस उन्हातून चालत कशाला येईल?”

शेवटच्या दिवशी चाक तिने घेतलं आणि मोजत त्याच्या टोकाला गेली. तो यंत्र पुसत बसला होता.

“फरक निघाला?”

“नाही. नकाशात होतं तेवढंच आहे.”

“मग आलात कशाला?”

“तुम्ही ज्यासाठी यायचात ना... त्यासाठीच.”

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. दुसऱ्या शहरातलं काम तो कधीपासून टाळत होता. काल त्याने होकार कळवला होता. उद्या निघायचं होतं. “मला वाटलं, माझं येणं तुम्हाला नकोय.”

“हवं होतं,” ती म्हणाली. किती साधे शब्द होते, आणि ती मात्र नकाशाची फुशारकी मारत बसली होती.

“चला, तुमच्या टोकापर्यंत सोडतो.”

चाक त्याने घेतलं. दोघं रेंगाळत, वाकडंतिकडं चालत राहिले. झाकणाशी थांबले तेव्हा आकडा नकाशापेक्षा बराच जास्त भरला होता.

“निघाली शेवटी चूक,” तो म्हणाला.

“माझीच,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.