एकच पाणी, दोन आकडे

आईचा आकडा होता ९.६ आणि आजोबांचा १.८. पाणी मात्र एकच.

मी केतकी कुबल, वय वर्षे बारा, राहणार शिरगोळ बंदर. घरात मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात. वारा सुटला की मी होड्या मोजते, झोपण्याआधी दाराची कडी तीनदा बघते. पण २०६८ सालच्या त्या आठवड्यात मला जी काळजी लागली होती ती खरी होती, आणि तिला कोणी हसत नव्हतं.

आमच्या किनाऱ्यापासून अकरा किलोमीटरवर उरीमा नावाचा देश आहे. तो तरंगतो. तिथल्या माणसांची बेटं समुद्राखाली गेली, तेव्हा ती मोठमोठ्या तराफ्यांवर राहायला लागली आणि करार करून आमच्या शेजारी आली. तिथे समुद्री शेवाळाची शेती चालते. त्या शेतीची इंजिनिअर म्हणजे माझी आई. बाबा मालवाहू जहाजावर असतात, त्यामुळे मी आजोबांकडे राहते आणि दर शनिवारी लाँचने आईकडे जाते. आमच्या आणि उरीमाच्या मध्ये पालव नावाचा उथळ समुद्र आहे. अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. मधोमध पिवळा बोया तरंगतो, तीच सीमा.

दसऱ्यापासून पालवात मासे मरायला लागले. आजोबा रोज पहाटे जाळं ओढायला जातात. ते आमच्या बाजूचे नेमलेले पाणी-मोजणीदारही आहेत. पाण्यात किती प्राणवायू विरघळलाय ते मीटरने मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं. माशांचा श्वास त्याच प्राणवायूवर चालतो. एका लिटर पाण्यात तो पाच मिलिग्रॅमच्या आसपास असला तर मासे मजेत असतात. दोनच्या खाली गेला की पळून जातात, नाहीतर मरतात. आजोबांच्या तक्त्यात महिनाभर १.८, १.९, १.७ असेच आकडे होते. उरीमाच्या तक्त्यात ९.६, ९.४, ९.७ होते आणि पुढे शेरा होता ‘उत्तम’. तो तक्ता आई भरत होती.

आमच्या बंदरावर लोक म्हणायला लागले, उरीमावाले खोटं लिहितात. उरीमावर लोक म्हणायला लागले, किनाऱ्यावाल्यांना आम्हाला हाकलायचंय. शेवटी समुद्र-पंचायतीने (दोन्ही देशांच्या सामायिक पाण्याचे तंटे ऐकणारं मंडळ) सोमवारी बैठक लावली. आकडे जुळले नाहीत तर सीमा पाच वर्षं बंद, लाँच बंद, आणि उरीमाचे तराफे तीनशे किलोमीटर दक्षिणेला जाणार. आईचा करार अजून तीन वर्षांचा होता. म्हणजे आई तिकडे आणि मी इकडे.

“आजोबा, आई खोटं लिहील का हो?” मी शुक्रवारी विचारलं.

आजोबा जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर केली नाही. “माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. पहाटे कुर्ल्यो पान्यात गुदमारतत आणि दोरार चढान बसतत. आणि तुझी आवस लिवता, पानी उत्तम. आता मी काय म्हनू, तूच सांग.”

तीन आठवडे ते आईशी फोनवर बोलले नव्हते. आई सासऱ्यांना मामा म्हणते. ती विचारायची, “मामा जेवले का?” आणि मी सांगायची, जेवले. तेवढंच.

दोघांपैकी एक खोटं बोलतंय हे काही माझ्या गळी उतरेना. आजोबा कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, वजनसुद्धा वाढवून सांगत नाहीत, आणि आई वाढदिवसाची भेटही लपवू शकत नाही. मग मला वाटलं, मीटर बिघडला असेल. आजोबांचा मीटर तसा म्हाताराच होता. मी तो मागितला. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. “ने, आणि तुझ्या आवशीक दाखव.”

शनिवारी दुपारी दोन वाजता उरीमाचा भोंगा झाला. त्या वेळी तराफ्यांवरचं सगळं काम थांबतं, पाणबुडे वर येतात आणि आई मोजणी करते. तिच्या मीटरवर आकडा आला ९.६. मी आजोबांचा मीटर त्याच पाण्यात सोडला. ९.५.

“मीटर चांगला आहे,” आई हळूच म्हणाली. “मला वाटत होतं तोच बिघडलाय. मग मामांनी…”

मीटर खरा तर आजोबा खोटे, असाच त्याचा अर्थ निघत होता. वाटलं, उगाच आणला मीटर.

मग मी विचार केला, जागा वेगळी असेल. आजोबा बोयाजवळ मोजतात आणि आई तराफ्याजवळ. “मला बोयापाशी ने,” मी हट्ट धरला. तीन वाजता आम्ही छोट्या होडीतून तिथे पोचलो. मीटर पाण्यात सोडला. ९.४.

मला रडू यायला लागलं होतं. बोयावर पाणकावळा बसला होता. पाणकावळा म्हणजे पंचायतीचा रोबो. काळा, लांब मानेचा, बुडी मारून पाणी तपासणारा. तो दोन्ही देशांचा नोकर आहे, म्हणून त्याला नियम घालून दिलाय की कोणी विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही.

“तुला काही विचारू शकते मी?” मी म्हटलं.

“सीमेवर आलेलं कोणीही विचारू शकतं. वयाची अट नाही.”

“माझे आजोबा इथेच मोजतात ना?”

“इथेच. रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. आधी एक विडी ओढतात, मग मोजतात.”

मी आईकडे बघितलं. मीटर तोच, जागा तीच. “आई, तू कधी पहाटे मोजलंयस?”

“पहाटे कशाला? आमचं दोनलाच ठरलेलं आहे.”

“आणि आजोबांनी कधी दुपारी?”

याचं उत्तर पाणकावळ्याने दिलं. “कधीच नाही.”

आईने तक्ता काढला. त्यात तारखेचा रकाना होता, जागेचा होता, आकड्याचा होता. वेळेचा नव्हता. कुठल्याच देशाच्या तक्त्यात नव्हता. कोळी पहाटे समुद्रावर जाणार आणि शेवाळवाले दुपारी मोकळे होणार, हे ज्याला त्याला इतकं पाठ होतं की लिहायचं कोणाला सुचलंच नाही.

“उद्या सकाळपर्यंत दर तासाला मोज,” मी पाणकावळ्याला सांगितलं. “आणि आकडे दोन्ही देशांना दाखव.”

“मोजतो. तीन वर्षं इथे बसलोय, पण हे अजून कोणी मागितलं नव्हतं.”

रविवारी सकाळी आई मला सोडायला स्वतः निघाली. बोयापाशी पाणकावळ्याने पडद्यावर आलेख (आकड्यांची रेघ काढून केलेलं चित्र) दाखवला. दुपारी रेघ वर होती. सूर्य मावळल्यावर ती खाली यायला लागली. रात्रभर घसरत गेली. पहाटे पाचला ती १.८ वर होती, आणि उजाडल्यावर पुन्हा चढायला लागली.

मी आधी आनंदाने आईला मिठीच मारली. दोघंही खरी होती. मग माझ्या लक्षात आलं की आई हसत नाहीये.

“हे असं का होतं?” मी पाणकावळ्याला विचारलं.

“पाण्यात एक बारीक शेवाळ तरंगतं. तुमच्या शेतातलं नव्हे. इतकं बारीक की एकेक कण डोळ्याला दिसत नाही, पाणी फक्त हिरवट दिसतं. दिवसा ते उन्हाच्या मदतीने अन्न बनवतं आणि प्राणवायू सोडतं. याला प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या जोरावर केलेला स्वयंपाक) म्हणतात. रात्री ऊन नसतं, म्हणून हे काम थांबतं. पण श्वास तर सगळ्यांनाच घ्यावा लागतो. माशांना, कुर्ल्यांना आणि त्या शेवाळालाही.”

“म्हणजे दिवसभर भाकऱ्या थापणारी बाई रात्री थापायचं थांबवते आणि स्वतःही जेवायला बसते.”

“बरोबर. आणि अशा बाया फार झाल्या तर पहाटेपर्यंत टोपलीत काही उरत नाही.”

“मग निरोगी समुद्रात?”

“तिथे शेवाळ थोडं असतं. रेघ पाच ते साडेसहाच्या मध्ये हलते, फार वरही नाही आणि फार खालीही नाही.”

आईने डोळे पुसले. “म्हणजे माझा ९.६ हा आकडासुद्धा आजाराचाच होता. इतका जास्त प्राणवायू बघूनच मला शंका यायला हवी होती. आणि मी पुढे ‘उत्तम’ लिहीत बसले.”

लाँच बंदराला लागली तेव्हा आजोबा धक्क्यावर होते. आईला बघून ते थबकले. आईने फोनवर उतरवून घेतलेला आलेख त्यांच्यापुढे धरला आणि रेघ कुठे कधीची ते सांगितलं. आजोबांनी रेघेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे तू खोटा लिवलंस नाय,” ते म्हणाले.

“आणि तुम्हीही नाही, मामा.”

“बरा. पन ह्यां शेवाळ इतक्या वाढला कित्याक?”

आजोबांना एकदा ‘कित्याक’ म्हणजे ‘का’ सुरू झालं की ते थांबत नाहीत, आणि त्या दिवशी तेच कामाला आलं. आईने धक्क्यावर खडूने लिहायला सुरुवात केली. मासे का मेले? पहाटे प्राणवायू संपला म्हणून. का संपला? बारीक शेवाळ फार झालं म्हणून. ते का झालं? पाण्यात खत फार झालं आणि पाणी हलायचं थांबलं म्हणून. पाणी का थांबलं?

इथे आईचा खडू अडला. मग ती म्हणाली, “गेल्या वर्षी मी चाळीस नवे तराफे लावले. ओळीने, एकाला एक लागून. त्यांनी प्रवाह अडवला असणार. ते नकाशे माझेच आहेत.”

“आणि खत खयसून इला?” आजोबांनी विचारलं.

आईने खडू खाली ठेवला. मला वाटतं तिला माहीत होतं, पण सासऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं? मलाही माहीत होतं. खाडीकाठी आमच्या गावाची कोळंबीची बावीस तळी आहेत. कोळंबीचं उरलेलं खाणं आणि घाण याचं खतच होतं, आणि तळी धुतली की ते पाणी ओहोटीबरोबर खाडीतून थेट पालवात जातं. त्यातलं एक तळं आमचं आहे.

आजोबा खाली बसले. ते उठून गेले असते तर सोमवारी काय झालं असतं ते उघड होतं.

“लिव,” ते शेवटी म्हणाले. “कोळंबीची तळी लिव. वाडीवाले माका शिव्या घालतले. घालूं देत.”

आईने लिहिलं. याला कारणांची साखळी म्हणतात, असं तिने मला नंतर सांगितलं. दोन देशांच्या सामायिक पाण्यात बिघाड झाला की आधी सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं, म्हणजे तोच मीटर, तीच जागा, तीच वेळ. मग एकेक ‘का’ विचारत मागे जायचं. मागे जाताना सीमा लागली तरी थांबायचं नाही. बहुतेक लोक तिथेच थांबतात, कारण पुढचं कारण आपल्याच अंगणात निघतं की काय अशी भीती असते. आणि पुष्कळदा ते निघतंच.

सोमवारच्या बैठकीत मुलांना प्रवेश नव्हता. मी शाळेत होते आणि गणिताच्या तासाला दोनदा चूक उत्तर दिलं. संध्याकाळी निकाल कळला. सीमा उघडी राहणार, लाँच चालू राहणार, पण एकच वर्ष. उरीमाने नव्या तराफ्यांपैकी निम्मे काढायचे. आमच्या गावाने तळ्यांचं पाणी आधी हौदात साठवून, गाळ बसू देऊन, मगच सोडायचं. तक्त्यात वेळेचा रकाना घालायचा आणि दोन्ही देशांच्या माणसांनी मोजणी एकत्र करायची, पहाटेही आणि दुपारीही. वर्षभरात पहाटेचा आकडा तीनच्या वर गेला नाही, तर पालव दोघांनाही बंद.

तीन. मी ते ऐकून लगेच हिशेब केला. १.८ पासून तीनपर्यंत फार लांब होतं, आणि मेलेले मासे एका बैठकीने परत येत नाहीत. खरं सांगायचं तर मला अजूनही भीती वाटते.

पहिली एकत्र मोजणी मंगळवारी पहाटे झाली. आजोबांनी मला होडीत घेतलं. उरीमाकडून आई आली. पाणी काळसर आणि शांत होतं, आणि बोयाच्या दोरावर चार कुर्ल्या बसल्या होत्या. आईने त्या बघितल्या. आतापर्यंत तिने त्यांच्याबद्दल फक्त माझ्या तोंडून ऐकलं होतं.

मग दोघांनी मिळून मीटर पाण्यात सोडला. आकडा आला १.७. रविवारच्यापेक्षाही कमी. आईने तो लिहिला, पुढच्या रकान्यात वेळ लिहिली आणि खाली सही केली. आजोबांनी त्याखाली आपली सही केली. आकडा कोणाचा खरा, असं कोणी म्हणालं नाही.

आई होडी वळवायला लागली, तेव्हा आजोबांनी तिला हाक मारली. ते उरीमावर आजवर कधीही गेले नव्हते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “दुपारी दोनाक मी येतलंय. होडी खय लावू ता सांग.”