नारपोली, बोल

खर्रर्र...

नारपोलीच्या वीजकेंद्रात मंदानं वायरलेसचं बटण दाबलं, त्याच क्षणी पडघ्याहूनही कुणीतरी दाबलं. शहात्तर साल. भिवंडीच्या आसपासच्या वीजकेंद्रांना मिळून वायरलेसचा एकच चॅनेल. दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. ती जरा थांबली, पुन्हा दाबलं.

खर्रर्र...

"कोण रे तिकडे? थांबता येत नाही? ओव्हर."

"रघू, पडघा. थांबलो ना बाय! तुमीबी तेवढंच थांबलात, मी काय करू? ओव्हर."

मंदाला हसू आलं, बटण दाबलेलं असतानाच. सगळ्यांनी ऐकलं.

पण चॅनेल अडवायचे ते मुख्य कचेरीतले सावळारामसाहेब. सिमेंट आलं का, जीप कुठाय... बटण सोडतील तर शपथ. इकडे नारपोलीत वीज गेलेली, कापडाचे लूम बंद, कामगार दारात.

एव्हाना ती दोघं ड्युटीनंतर एसटी स्टँडवर भेटू लागली होती. "मी गप्प राहतो, माझी वेळ तू घे, मंदा," रघू म्हणाला.

"दान नको. वाटा हवा."

मग दुसऱ्या दिवशी चॅनेलवर, सगळे ऐकत असताना, ती म्हणाली, "आजपासून रांग. मुख्य कचेरी, नारपोली, दापोडे, पडघा. ज्याला काही सांगायचं नाही त्यानं 'काही नाही' म्हणून पुढच्याला सोडायचं. ओव्हर."

"तू कोण मला सांगणारी?" साहेब गरजले.

"नारपोली. ओव्हर."

"पडघा रांगेत हाय. ओव्हर."

"दापोडेपण," म्हातारे चांगदेवकाका खोकत म्हणाले.

त्यानंतर साहेब रांग मोडून बोलले की कुणी उत्तरच देईना.

...

एसटी स्टँड. पाऊस. एक छत्री, अर्धी तिची, अर्धी त्याची. दोघांचाही एकेक खांदा भिजलेला.

"घरी माझ्यासाठी मुलगी बघतायत," रघू पुटपुटला. "आपलं... हळूहळू सांगतो. बौद्धवाडीतली म्हटलं की—"

"की काय?"

तो चपलांकडे बघत राहिला.

"हळू बोललेलं मला ऐकू येत नाही, रघू."

ती छत्रीबाहेर पडली. पूर्ण भिजत गेली.

...

दुसरा दिवस. रांग.

"मुख्य कचेरी. काही नाही. ओव्हर."

"नारपोली." मंदाचं बटणावरचं बोट हललं नाही. "पडघ्याच्या रघूला विचारायचंय. माझ्याशी लग्न करतोस? सगळे ऐकतायत, म्हणूनच विचारतेय. ओव्हर."

खर्रर्रर्र! तिघांनी एकदम दाबलं.

"रांग!" आवाज निवळताच मंदा ओरडली.

"दापोडे," काका म्हणाले. "सांगायचं आहे... पण माझं राहू दे. ओव्हर."

आता पडघा. बटणाचा खटका.

"पडघा. आई डबा घेऊन आलीय. इथंच उभी हाय. तिनंबी ऐकलं." आवाज चढला. "करतो! तिच्यासमोर सांगतो, करतो. ओव्हर."

पुन्हा मुख्य कचेरी. साहेबांचा आवाज.

"काही... नाही. नारपोली, बोल. ओव्हर."

मंदानं बटण दाबलं. हसू तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं.