मासोळीची डोली

सन एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात आम्ही चौघे मेळघाटाच्या डोंगरात चढलो, ते एका मासोळीला डोलीत बसवून खाली आणण्यासाठी. हे मी अमरावतीत ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग विषय बदलला. राजापेठेतले माझे शेजारी आणि स्नेही खुशालराव तेवढे स्पष्ट बोलले, "भगवंत मास्तर, उन्हात टोपीशिवाय हिंडत जाऊ नका." मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत गळ टाकतो. दहा शेरांचा रोहू धरून तुमच्या ओसरीवर आणून टांगतो की नाही बघा, अशी बढाई मी खुशालरावांपुढे सात वर्षं मारत आलो होतो.

पण ही मोहीम माझी नव्हती. ती पार्बताबाई भोईणीची होती. डोंगराच्या पायथ्याशी, शहानूर नदीच्या काठी भोयांची अकरा घरं आहेत. डोली वाहायची आणि मासे धरायचे, ही त्यांची पिढीजात कामं. मोटारी आल्या तसा डोल्यांचा धंदा बसला. मग तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नदीतला पिंपळडोह तळापर्यंत आटला आणि मासेही गेले. पुढच्या पुरात कुठून तरी पाच-सहा रोहू आले होते. पार्बताबाईने एकेक जाळ्यात धरून, कल्ल्यामागच्या परावरून अंगठा फिरवून पाहिला. नराचा पर या दिवसांत खरबरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. सगळे नर निघाले. मृगाच्या पुराआधी पोटात अंडी असलेली मादी डोहात आली नाही, तर अकराही घरं अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला जाणार होती. बोचकी बांधून तयार होती.

"नवऱ्यानं जाताना मले घर नाई सोपवलं, डोह सोपवला," पार्बताबाई मला म्हणाली. "तो रिकामा टाकून मी जिनात जाऊ कावून?"

तशी मादी मिळण्याची जागा एकच होती: सहा कोस वर, जंगलातला भुलतलाव. त्याच्या तळाशी बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, जाळं टाकलं की फाटतं. तिथे गळवालाच हवा. मी दर सुट्टीत तिच्या डोहावर गळ टाकून बसणारा, म्हणून तिने मला बोलावलं. सोबत तिचा तिशीचा मुलगा सूर्यभान आणि धाकटा दीर शेषराव. दोघांच्या खांद्यावर घरातली जुनी डोली होती आणि डोलीत मोटेचं कातडं झोळीसारखं शिवून बसवलं होतं. जंगलखात्याची चिठ्ठी माझ्या खिशात होती, आणि माझ्या वळकटीत कागदाची एक लांब गुंडाळी. रोहू सापडला की त्याला कागदावर ठेवून बाह्यरेषा काढायची, असा माझा चोरटा बेत होता. खुशालरावांना पुरावा लागला असता.

भुलतलावाला हे नाव का पडलं, ते तिथे बसल्यावर समजतं. तीन बाजूंनी पानगळ झालेला करडा साग आणि चौथ्या बाजूला जांभळीची गर्द हिरवी रांग. पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, त्यावर चतुर घिरट्या घालतात, आणि दुपारी वारा पडला की काठ कुठला आणि काठाची सावली कुठली ते सांगता येत नाही. डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपेत असल्यासारखा होतो. मला एकदा वाटलं की मी पाण्याखाली बसलोय आणि माझा गळ वर आभाळात लोंबतोय. तिसऱ्या दिवशी वार कोणता यावरून आमचा वाद झाला. शेषराव मंगळवार म्हणत होता, मी गुरुवार. पार्बताबाई म्हणाली, "वार पाहून मासोयी येत नाई. आमिष लावा."

आमिष माझं खास होतं. सरकीची ढेप आणि उकडलेली मोहाची फुलं एकत्र मळून केलेला गोळा, आणि गळ अचलपूरच्या इनायतुल्लाने घडवलेला. त्या आमिषाला आठ रोहू लागले. आठही नर! पार्बताबाई अंगठा फिरवायची, मान हलवायची आणि सोडून द्यायची. प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा जास्त थकलेला दिसे. मला तिच्याकडे बघवेना.

पाचव्या दिवशी पहाटे पाण्यावर धुकट वाफ होती. गळाची दोरी हलली नाही, नुसती जड झाली. मी झटका दिला. काठीवरची चरखी किंचाळली! दोरी सरळ बुडालेल्या खोडांकडे निघाली. तिकडे गेली असती तर संपलंच होतं. सूर्यभानने धोतर खोचलं आणि खोडांच्या आड उडी घेतली. दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. मासा वळला. पुन्हा वळला. माझी बोटं सोलली, काठी कमानीसारखी वाकली, शेषराव मागून माझी कंबर धरून उभा राहिला. किती वेळ गेला, सांगता येत नाही. धुकं गेलं, ऊन आलं, आणि उथळ पाण्यात तांबूस खवल्यांची एक रुंद पाठ हळूच आडवी झाली.

पार्बताबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने गळ सोडवला, परावर अंगठा फिरवला, मग पोटाखाली तळवा धरला.

"मादी हाय," ती म्हणाली. "पोटुशी हाय." आणि ती रडली.

दहा शेरांहून रतीभरही कमी नसेल. मी वळकटी सोडून कागद उलगडला. "पार्बताबाई, दोनच मिनिटं. नुसती रेघ काढतो."

"दोन मिनिटं तुमी नाक दाबून बसा, मास्तर. मंग सांगा."

मी कागद पुन्हा गुंडाळला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

झोळीत तलावाचं पाणी भरलं, मासोळीला आत ठेवलं आणि डोलीवर ओल्या लुगड्याचा पडदा सोडला. सूर्यभान पुढे, शेषराव मागे. भोयांची चाल मी ऐकून होतो, त्या दिवशी पाहिली. पाऊल उचलायचं नाही, जमिनीला लागूनच सरकवायचं. गुडघे सैल, खांदा जागच्या जागी. पुढचा "खाच हाय" म्हणाला की मागचा न बघता खाच ओलांडणार. त्यातून डोलीत पोटुशी! इतक्या हळुवारपणे ते उतरत होते की मी पडदा सारून पाहिलं तर पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. आम्ही सगळेच पेंगुळल्यासारखे त्या चालीमागून चाललो होतो. सागाच्या वाळक्या पानांचा आवाज आणि भोयांचं हुंकारणं, बाकी काही नाही.

पहिल्या झऱ्याशी पार्बताबाईने पडदा उचलला. मासोळी वर येऊन तोंड वासत होती. आम्ही पाणी बदललं, तशी ती सावरली. कोसभरावरच्या दुसऱ्या झऱ्याशी पाणी बदलायला थांबलो तर पुन्हा तेच, आणि या वेळी ती एका कुशीवर कलली होती.

"ऊन लागून राहिलं तिले," पार्बताबाई म्हणाली. "पडदा भिजवा. अन् आनखी हळू चाला रे बापा. हलवू नका तिले."

ते आणखी हळू चालले. आता पुढे पाणी थेट पायथ्यालाच होतं. तीन कोस बाकी.

यानंतरची चूक माझी. उरलेला आमिषाचा गोळा टाकून द्यायला माझा जीव होईना, म्हणून तो खांद्यावरच्या पिशवीत होता. उन्हाने तो आंबला आणि घमघमायला लागला. मोहाच्या वासाला अस्वल येतं, हे मेळघाटात कुणालाही विचारा. चित्रकलेच्या मास्तराला तेवढं माहीत नव्हतं.

कोरड्या ओढ्यात उतरताना करवंदीची जाळी हलली. अस्वल! मागच्या पायांवर उभं राहिलं, छातीवरचा पांढरा पट्टा दिसला, आणि ते थेट माझ्याकडे आलं. मी पळालो. कुठे? डोलीकडेच!

"मास्तर, पिशवी फेका!" पार्बताबाई ओरडली.

मी फेकली. अस्वल जागीच थबकलं, पिशवीवर बसलं आणि कापड फाडायला लागलं. तेवढ्यात डोली उतारावरून धावत सुटली होती. शेषरावचा पाय दोन दगडांत अडकला. तो गुडघ्यावर आपटला. पण दांडा त्याच्या खांद्यावरून बोटभरही घसरला नाही! तसाच उठला, तसाच लंगडत ओढ्यापार गेला, आणि डोली सावलीत टेकल्यावरच खाली बसला. घोटा सुजून वांग्याएवढा झाला होता.

"वयनी, माह्याच्यानं आता नाई होत," तो म्हणाला.

पार्बताबाईने स्वतःच दांडा उचलून पाहिला. तिची उंची कमी, झोळी मागे कलंडायला लागली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात खडू आणि काठीपलीकडे काही उचललेलं नव्हतं. दांडा खांद्यावर येताच हाड कडाडलं. सूर्यभान "खाच हाय" म्हणायचा आणि मी खाचेत जायचो. "दगड हाय" म्हणायचा आणि मला ठेच लागायची. डोली हिंदकळत होती, पाणी झोळीतून उसळून माझ्या तोंडावर येत होतं.

"कशे चालता तुमी, मास्तर!" पार्बताबाई बाजूने चालत मला बोल लावत होती. "पोटुशीले असं नेतात का? मारता तिले!"

मी शरमेने मेलो होतो. कोसभराने ती म्हणाली, "थांबा. पानी किती उरलं, पाहू द्या." तिने पडदा उचलला आणि झोळीवर वाकून पाहतच राहिली.

"माय, गेली का?" सूर्यभानने पुढूनच विचारलं.

मासोळी पाण्यात सरळ झाली होती. कल्ले संथ उघडझाप करत होते, शेपूट हलत होतं. पार्बताबाईने उसळलेल्या पाण्यात हात घातला, मग माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"नदीची जात हाय तिची," ती हळूच म्हणाली. "एवढ्याशा झोळीत तिले खळाळतं पानी पायजे. आमी मेल्या पान्यात घालून मारत होतो तिले. सूर्या, मास्तरसारखा चाल."

"असा?" सूर्यभानचा चेहरा पडला. "माय, लोक काय म्हनतीन? भोई हाय मी."

"चाल म्हनलं ना. जितकं वाईट चालता येते तितकं चाल."

बिचाऱ्याला ते साधेना. पिढ्यान् पिढ्यांची चाल पायातून काढायची कशी? तो मुद्दाम ठेचकाळायचा आणि पुढच्याच पावलाला आपोआप सरळ व्हायचा. शेषराव काठी टेकत मागून हसत होता, "मास्तरकडून शिक रे!" ऊन उतरत गेलं, सावल्या लांबल्या, आणि आम्ही दोघे झिंगल्यासारखे डोलत, पाणी उडवत, अर्धवट स्वप्नात डोंगर उतरलो. खांदा बधिर झाला होता. मी इतका सुखी कधीच नव्हतो.

दिवेलागणीला अकरा घरांतली माणसं डोहावर उभी होती. आमची चाल पाहून एक म्हातारा कपाळाला हात लावून बसला. पार्बताबाई मासोळीला कवेत घेऊन गळ्याइतक्या पाण्यात गेली आणि तिने हात सैल केले. मासोळी क्षणभर तिथेच राहिली. मग पाण्यावर एक वळण उमटलं आणि मिटलं. जरा वेळाने एक बाई मुकाट्याने घरात गेली आणि बोचकं सोडायला लागली.

मी रिकाम्या हाताने राजापेठेत परतलो. खुशालरावांनी ओसरीवर टांगायला खिळा ठोकून ठेवला होता. पूर्ण पावसाळा ते त्याच्यावर छत्री अडकवत होते, मला दिसेल अशी.

आश्विनात एका सकाळी सूर्यभान दारात उभा राहिला. हातात पितळी लोटा, तोंडाला ओलं फडकं. मोटारीने आला होता. मी पाट दिला, पाणी दिलं, पण तो लोटा खाली ठेवेना. बोलता बोलताही सारखा हलवत होता. मी त्याला तसाच शेजारी खुशालरावांच्या ओसरीवर घेऊन गेलो आणि फडकं काढलं. आत बोटाएवढे सात रोहू गोल फिरत होते.

खुशालराव चष्मा लावून वाकले. "हेच का तुमचे दहा शेर?"

"हेच," मी म्हणालो.

"मायनं सांगतलं, मास्तरले दाखव अन् वापस आन," सूर्यभान म्हणाला. आणि लोटा हलवत राहिला.