ठमीसाठी आलेली नळी

सांगते ते घडलं तसंच सांगते, माझ्या पदरचं त्यात काही नाही. त्या दुपारी जेवणाचा डबा धुवून मी प्रयोगशाळेत परत आले, तेव्हा नळ्या ठेवायच्या जाळीत रक्ताची एकच नळी उभी होती.

आमची खोली तळघरात. दिवसाही दिवे लावावे लागतात. यंत्राची घरघर आणि स्पिरिटचा वास. अर्धांगाचा झटका आलेल्यांचं पहिल्या दिवसाचं रक्त माझ्याकडे यायचं. अंगावर ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं, ते मी मोजायचे. मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास चालू होता: आकडा चाळिसाच्या वर गेला, तर माणसानं महिना काढणं अवघड. सात वर्षं मी आकडे लिहिले, चेहरे कधी पाहिले नाहीत. बरंच होतं ते.

त्या सकाळी मात्र वरच्या वॉर्डात माझ्या बाबांनाच आणलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला त्यांचा. उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती.

मी नळी उचलली. कोमट होती. पट्टीवर बाबांचं नाव, आणि खाली दोन रेघा आखून त्यांच्या मधोमध लिहिलेलं, ‘ठमीसाठी’.

मला ठमी फक्त बाबा म्हणत. अक्षरही त्यांचंच. वेलांटीला शेवटी हिसका देण्याची त्यांची जुनी खोड.

नळी यंत्राला लावली. आकडा आला एकशे बारा. पुन्हा लावली. एकशे बारा...

मी वर गेले. आई पिशवी आवरत होती.

“घरी जाऊन यांचे कपडे घेऊन येते गं. आता जरा शांत वाटतायत.”

“नको जाऊस.”

“का? काही कळलं का तुला?”

“इथेच बस, आई... त्यांचा हात धर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली. बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन ती त्यांच्या कानाशी बोलत राहिली. लग्नानंतर घेतलेल्या भाड्याच्या खोलीबद्दल, तिथल्या गळक्या नळाबद्दल. एकदा तर हसलीसुद्धा. दिवेलागणीला बाबा गेले. तिला ते लगेच कळलंही नाही. नळाची गोष्ट पुरी होईपर्यंत मी तिला थांबवलं नाही.

कागद भरताना सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, तुमच्या अभ्यासाचं रक्त राहूनच गेलं. तीनदा टोचलं, शीर काही सापडेना. थेंबही आला नाही...”

“खाली आलं होतं की.”

“कुणी आणलं?”

मी खाली आले.

ती नळी मी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरात ठेवली. त्याला आता वर्ष होईल. शेजारच्या नळ्या बर्फानं पांढऱ्या पडल्यात. बाबांची तेवढी कोमट आहे. रोज कामाला लागण्याआधी हातमोजा काढून मी ती मिनिटभर मुठीत धरते. झाकण घट्ट आहे, त्या दिवसानंतर मी ते उघडलेलं नाही. तरी आतलं रक्त रोज थोडं थोडं कमी होतंय. आज सकाळी तळाशी नखाएवढंच होतं...