शेवटचा तुकडा

आर्डिसला घेऊन मी आमच्या गावी, एल्व्हस्टाडला गेले ती ऑक्टोबरातल्या एका रविवारी. मिनिआपोलिसहून दीड तासाचा रस्ता, अंधार पडायच्या आत परत. काम म्हटलं तर साधंच होतं. चर्चच्या तळघरात कॉफी प्यायची आणि पावाचा एक तुकडा खायचा.

आर्डिस माझी धाकटी बहीण. तिचा नवरा व्हेंडेल सात वर्षांपूर्वी गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला, बर्फ फुटला, आणि तो सापडलाच नाही. नदी ज्यांना परत देत नाही, त्यांच्यासाठी आमच्या गावात दर वर्षी पावाच्या ताटलीतला शेवटचा तुकडा ठेवतात. बायकोला दुसरं लग्न करायचं असेल तर तो तिनं सगळ्यांसमोर पुरता खायचा. मग बुडालेल्याचा तिच्यावरचा हक्क संपला. येत्या शनिवारी आर्डिसचं हार्लनशी लग्न होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तिचा होता.

तळघरात नेहमीचाच वास. आमच्याकडची अंडं फोडून घालून उकळलेली कॉफी, वेलचीचा पाव, ओले कोट. ताटली फिरत फिरत एका तुकड्यावर आली तशा सगळ्या बायका आर्डिसकडे पाहू लागल्या.

"घे गं," कॉफीचा कारभार पाहणाऱ्या अल्माबाई म्हणाल्या.

"नको, तुम्हीच घ्या."

"अगं, तुझाच आहे तो!"

"बरं… अगदी थोडासा."

आणि तिनं सुरीनं तुकडा मधोमध कापला. मला कपाळावर हात मारावासा वाटला. एरवी शेवटचा तुकडा अख्खा उचलणं हावरटपणाचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. तिनं उजवा भाग खाल्ला, डावा ताटलीतच ठेवला.

"आर्डिस, तो दुसरा…" मी कुजबुजले.

"राहू दे ना. बरं दिसत नाही."

अल्माबाईंनी ताटली झाकली.

परतताना गाडीत चिखलाचा वास येत होता. मी काच खाली केली, तरी जाईना. सबंध रस्ताभर आम्ही दोघींनीही मागच्या सीटकडे वळून पाहिलं नाही.

तिच्या घरी हार्लननं सूप करून ठेवलं होतं. बूट दाराशी काढून आम्ही जेवलो. मी निघाले तेव्हा तो दाराशी वाकून उभा होता.

"मार्लिस, हा बूट कुणाचा गं? एकच आहे. आणि पार भिजलाय."

आर्डिस मोरीपाशी भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"डावा का?"

"हो. तुला कसं कळलं?"

मी घाबरले होते, तरी बूट उचलला. बाहेरून तो बर्फासारखा गार होता, नाडीत शेवाळ अडकलं होतं. मी आत हात घातला.

आतून तो उबदार होता.