पॅनेलरूमचा चार्ज

बंद मशीनचा बॅकअप वाढतोच कसा, हा प्रश्न शशिकांतसाहेबांनी सकाळी सव्वानऊला चारचौघांत विचारला. सूर असा, की जणू अनुयाच रोज घरून डेटा आणून त्यात ओतत होती.

"सर्व्हरची जागा संपत आलीय, मॅडम. जमत नसेल तर तसं सांगा."

अनुयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात आठ वर्षं ती एकटी सगळे सर्व्हर सांभाळत होती. शिरगावहून स्कूटरवर यायची आणि चहा घेण्याआधी बॅकअपचा रिपोर्ट बघायची. आठ वर्षांत एकच बॅकअप चुकला होता, गेल्या तीन तारखेचा. आणि तो चुकला नव्हता, कुणीतरी चुकवला होता.

तीन तारखेला दुपारी तीननंतर गॅस गळाला आणि पॅनेलरूमचा, म्हणजे कंट्रोल रूमचा, ऑपरेटर हरिचंद्र गेला. जांभूळचा माणूस, तीस वर्षांची नोकरी. तो मागच्या जिन्यापाशी सापडला म्हणून मॅनेजर शशिकांतसाहेबांनी लिहून टाकलं की तो जागा सोडून पळाला, त्याच्याच हलगर्जीपणाने अपघात झाला. खरं काय ते पॅनेलरूमच्या नोंदवहीत असणार होतं. ती नोंदवही एका व्हर्च्युअल मशीनवर होती, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या मशीनवर. ते मशीन साहेबांनी त्याच दुपारी तीन चाळीसला बंद करायला लावलं, आणि त्या दिवशीचा बॅकअप नेमका फेल झाला. आता चौकशी अधिकाऱ्यांसाठी साहेबांना अनुयाची सही हवी होती : 'बॅकअपमधील तांत्रिक बिघाडामुळे तीन तारखेच्या नोंदी उपलब्ध नाहीत.'

म्हणजे मेलेल्या माणसाच्या माथी खापर आणि त्यावर शिक्का हिचा! शनिवारी अधिकारी येणार होते.

सखू, हरिचंद्रची बायको, दोनदा गेटवर येऊन गेली होती. "बाय, लोका बोलतान तो पलाला. तो पलनारा व्हता का गो? जल्ला मेला सगला!" अनुयाला तिच्या नजरेला नजर देता आली नव्हती.

ती तणतणत आपल्या खोलीत आली. हिशेब अगदी सोपा होता. एक तारखेला पूर्ण बॅकअप होतो. पुढे रोज फक्त एक तारखेनंतर जे बदललं तेवढंच उचललं जातं, त्याला डिफरन्शिअल म्हणतात. मशीन बंद म्हणजे बदल नाही. तरीही सतरा दिवस तो आकडा रोज थोडा थोडा चढत होता.

उल्हासनगरच्या सर्व्हिसवाल्या समीरला तिने फोन लावला.

"बदल मोजायचं ट्रॅकिंग रीसेट मारा ना मॅडम. मीटर बंद, तो बिल कशाचं, साईं?"

तिने रीसेट केलं. नेटवर्क तोडलं. डिस्क सुटी करून दुसरीकडे ठेवली आणि पासवर्ड बदलला. गुरुवारी आकडा वाढला. शुक्रवारीही वाढला, आणि वाढ नेमकी आदल्या दिवशीइतकीच होती. बिघाडाला असं टापटिपीचं वळण नसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

मग तिने तो डिफरन्शिअल एका वेगळ्या, कशालाही न जोडलेल्या कॉम्प्युटरवर उघडला. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर कॅन्टीनच्या आमटीचा वास सुटला होता. नोंदवही उघडली आणि ती खुर्चीत सरळ झाली.

'तारीख ३, १४:००. प्रेशर चढतंय. अलार्म वाजत नाही. साहेबांना फोन केला. चालू ठेव म्हणाले. — हरिचंद्र'

'तारीख ३, १५:००. रिलिव्हर आला नाही. मी जागेवर आहे.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग संताप आला, आणि मग तिची नजर पुढच्या ओळीवर गेली.

'तारीख ३, १६:००. रिलिव्हर आला नाही. मी जागेवर आहे.'

मशीन तर तीन चाळीसला बंद झालं होतं.

१७:००, १८:००, १९:००. चार तारीख, पाच तारीख. दर तासाला एक ओळ, तीच. आजची अकराची होती. ती बघत होती तोवर बाराचीही होती.

त्या कारखान्यात एक रीत होती, सगळ्या नियमांपेक्षा जुनी. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन 'चार्ज घेतला' असं लिहीत नाही, तोवर पॅनेल सोडायचं नाही. महापुराच्या वर्षी हरिचंद्र सलग तीन पाळ्या बसला होता, ते अजून कॅन्टीनमध्ये सांगत. तीन तारखेला दुसऱ्या पाळीला साहेबांनी गेटवरच थांबवलं होतं. त्याच्याकडून चार्ज कुणी घेतलाच नव्हता.

उद्या अधिकाऱ्यांनी हे उघडलं, तर साहेब हसून म्हणणार, बंद मशीनवर नोंदी? बाईने घरी बसून लिहिल्यात. आणि दोन वाजताची ती खरी ओळही खोटी ठरणार.

पण अनुयाने पुढे जे केलं ते या विचाराने नाही. तिला फक्त भयंकर राग आला होता. इतक्या मोठ्या कारखान्यात या माणसाला 'जा बाबा आता' म्हणणारं एक माणूस नसावं?

तिने खाली टाइप केलं, 'चार्ज घेतला. — अनुया'

तेराची ओळ आली नाही.

शनिवारी रिपोर्टमध्ये वाढ शून्य होती. अधिकाऱ्यांनी स्वतः फाइल उघडली. नोंदवही तीन तारखेच्या १५:०० ला संपत होती. पुढच्या ओळी, तिच्या ओळीसकट, नव्हत्या. अधिकाऱ्यांनी दोन वाजताची नोंद दोनदा वाचली आणि चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. अनुयाने सहीचा कागद त्यांच्यासमोर चार तुकडे करून टाकला. संध्याकाळी सखूचा फोन आला. नुसतीच रडली बिचारी.

रविवारी अनुया दिवसभर घरी होती. दुपारी वरणभात जेवली आणि गाढ झोपली.

सोमवारी गेटवर कोंडाजी वॉचमनने रजिस्टर तिच्यासमोर धरलं.

"मॅडम, शुक्रवारचं तुमचं आउट नाही पडलं."

"अरे, शनिवारी आले होते ना मी? तुझ्यासमोर! मग आउट न होता इन झाले?"

"तेच तर. आणि काल दुपारी पॅनेलरूमच्या काचेतून दिसलात. मी हात केला, तुम्ही ओळखच दिली नाही."

"काल मी घरी होते! काहीही बडबडतोस?" ती खेकसली.

आवाज नको तितका चढला होता. ती भराभर आपल्या खोलीत गेली.

मशीन बंदच होतं. डिस्क सुटीच होती.

वाढ शून्य नव्हती.

तिने फाइल उघडली. शुक्रवार, तेरा वाजल्यापासून, दर तासाला एक ओळ. शनिवारी यातली एकही नव्हती.

तिने कालची दुपार शोधली.

'१४:००. कोंडाजीने हात केला. पॅनेल सोडता येत नाही. रिलिव्हर आला नाही. मी जागेवर आहे. — अनुया'