दादाच्या वतीने

गारा पडत होत्या आणि आल्मोदिसचा ससाणा काटेरी झुडपात अडकून बसला होता. पायातली चामडी वादी फांदीला गुंडाळलेली! सोडवता सोडवता ती रडकुंडीला आली, तेवढ्यात एक घोडेस्वार उतरला आणि सरळ काट्यांत शिरला.

"अहो, रक्त येतंय!"

"येऊ द्या. ससाणा बघतोय, त्याच्यादेखत कण्हायचं कसं?"

कितीतरी दिवसांनी ती हसली... "कुणाकडे निघालात?"

"गडावर. मी बेरेंगार. माझा थोरला भाऊ, सरदार रोस्तां, सरहद्दीवर लढतोय. त्याच्या वतीने लग्नाला उभा राहायला आलोय."

तिचं हसू मावळलं. "मग नवरी मीच."

रोस्तांला तिने पाहिलंही नव्हतं. वडिलांना त्याचे भालेकरी हवे होते, म्हणून त्यांनी मुलगी देऊन टाकली. बेरेंगार रोज ससाण्याला मांस भरवायला येई. ससाणा निमित्तापुरता, हे साऱ्या गडाला कळत होतं. बुधवारी तिने धीर केला.

"उद्या लग्नाच्या वेळी... तुमचा पाय मुरगळला म्हणा ना. दोनच दिवस पुढे ढकला."

"आणि दोन दिवसांनी?"

"दोन दिवस तर मिळतील—"

त्याने मान हलवली. "दादाने मला अंगाखांद्यावर वाढवलंय. शब्द दिलाय त्याला."

गुरुवारी दुपारी नवऱ्याच्या गैरहजेरीत लग्न लावायचा रिवाज पार पडला. साक्षीदारांसमोर ती पलंगावर निजली. बेरेंगारने एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा केला आणि चादरीखाली क्षणभर तिच्या पायाला टेकवला. झालं, लग्न पक्कं! त्याचा पाय गार होता. मागे कुणीतरी खिदळलं. तिला मात्र जीव नकोसा झाला.

रविवारी सरहद्दीवरून दूत आला. रोस्तां लढाईत पडला होता.

"कधी?" बेरेंगारने विचारलं.

"गुरुवारी. संध्याकाळच्या घंटेला."

लग्न शुक्रवारवर गेलं असतं, तर ती मोकळी असती! आता ती रोस्तांची विधवा होती. आणि भावाची बायको चर्चच्या लेखी सख्खी बहीण, धाकट्याला जन्मभर वर्ज्य. वडिलांनी तिला मठात धाडायचं ठरवलंसुद्धा.

निघताना बेरेंगार फाटकाशी थांबला. "माझ्यामुळे झालं. तुम्ही मला... त्या काट्यांतच आवडला होतात."

"ठाऊक होतं. उगाच का दोन दिवस मागितले?"

मठात पक्षी ठेवू देत नाहीत. तिने ससाणा त्याच्या मनगटावर बसवला. एवढ्यात लग्न लावणारा पाद्री जवळ आला.

"सांभाळून जा, भावजी," ती म्हणाली.

त्याने लगाम हातात घेतला. पाद्री वाट बघत उभाच होता.

"येतो... वहिनी."